आग्रहाचे कलम

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रुचिरच्या शेजारची जागा बहुधा रिकामी राही. यात इतरांचा दोष नव्हता आणि खरे तर त्याचाही नव्हता. दोष असलाच तर तो त्याच्या साताऱ्याच्या आईचा होता. कोणी काही देऊ केले की लगेच हात पुढे करू नये, असे तिने त्याला लहानपणीच शिकवले होते. दोनदा ‘नको’ म्हणावे आणि तिसऱ्यांदा, समोरच्याचे मन मोडू नये म्हणून, ‘बरं, अगदी थोडं’ म्हणावे. सिंगापुरात अडचण एवढीच होती, की दुसऱ्यांदा कोणी विचारतच नसे.

गेल्या वर्षी तो नवीन असताना शेजारच्या विभागातल्या धवलने त्याला पुंगोलच्या आपल्या फ्लॅटवर, बायको वल्लरीच्या हातचे जेवायला बोलावले होते.

“नको, उगाच वहिनींना त्रास,” रुचिर म्हणाला.

“ओके, नो इश्यू,” म्हणून धवलने कानात इअरफोन घातले.

त्या दुसऱ्या विचारण्याची रुचिर अजून वाट पाहत होता. संध्याकाळी सेंगकांगच्या खोलीत एकटाच जेवताना तो खिडकीतून एलआरटी रेल्वेचे उजळलेले डबे बघे. गोल फिरून पुन्हा तिथेच येण्याची त्यांनाही सवय होती.

अशातच ब्रसेल्समधल्या एका नागरी संघटनेचे ऑनलाइन निमंत्रण त्याच्या नजरेस पडले. परमुलखात एकट्या पडलेल्या माणसांना शेजाऱ्यांनी कसे सामावून घ्यावे, यावर युरोपातले तीसेक सामान्य नागरिक चर्चा करणार होते आणि त्यांचे मत त्याच दिवशी धोरण आखणाऱ्यांकडे जाणार होते. जगात कुठेही घरापासून दूर राहणाऱ्यांनी पाहुणे म्हणून यावे, असेही त्यात म्हटले होते. रुचिरने चार वाक्ये पाठ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कॅमेऱ्यापुढे बसला. तिकडे दुपार होती. इकडे त्याचा भात निवत होता.

सभेची सूत्रे मार्लीन नावाच्या मृदू बाईंच्या हाती होती. त्यांनी सुरुवातीलाच विचारले, की सिंगापूरचे पाहुणे काही सांगतील का. “नको, नको. आधी तुम्ही सगळे बोला,” रुचिर म्हणाला. मार्लीनबाई हसल्या आणि पुढे गेल्या.

मग मसुदा वाचला गेला. नवागताला आपुलकीने बोलवावे. त्याने नकार दिल्यास त्याच्या इच्छेचा मान राखून पुन्हा विचारू नये. रुचिरच्या चेहऱ्यावर एक वर्षभराची संध्याकाळ उतरली. मार्लीनबाईंनी रीत म्हणून त्याला पुन्हा विचारले. त्याने पुन्हा नको म्हटले आणि तिसऱ्या विचारण्यासाठी तो सावरून बसला. पण बाई मसुदा मंजूर करायला निघाल्या होत्या.

इतक्यात लिस्बनचे निवृत्त शिक्षक दुआर्ते यांनी हात वर केला. हा तरुण दोनदा बोलावूनही बोलत नाही, त्याचा चेहरा पाहा, हा मूक निषेध आहे, असे त्यांनी भारावून सांगितले.

“नाही, तसं काही नाही,” रुचिर घाबरून म्हणाला.

“किती सौम्य निषेध,” दुआर्ते म्हणाले, आणि त्याला पाठिंबा म्हणून आपणही आता बोलणार नाही, असे जाहीर करून त्यांनी माइक बंद केला. फिनलंडमधल्या तांपेरेच्या एका नर्सबाईंनी त्यांचे अनुकरण केले. मग गेंटचे दोन विद्यार्थी गप्प झाले. एकटेच बोलत राहणे अशिष्ट दिसेल म्हणून उरलेलेही गप्प झाले. थोड्याच वेळात, संवादासाठी भरलेल्या त्या सभेत तीस माणसे अत्यंत तत्त्वनिष्ठपणे एकमेकांकडे बघत बसली. सर्वांची संमती असल्याशिवाय मत पुढे पाठवायचे नाही, असा त्यांचा नियम होता. मार्लीनबाईंनी पाण्याचा ग्लास संपवला, मग दुसरा. रुचिरला मात्र त्या शांततेत एक नवल वाटत होते: इतकी माणसे आपल्याबरोबर गप्प बसण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

“रुचिर,” अखेर मार्लीनबाई अगदी काकुळतीने म्हणाल्या, “मी तिसऱ्यांदा विचारते. हवं तर चौथ्यांदाही विचारेन. पण बोला.”

रुचिरचे डोळे भरून आले. पाठ केलेली चारही वाक्ये तो विसरला.

“बरं, अगदी थोडं बोलतो,” तो म्हणाला, आणि पुष्कळ बोलला. आईबद्दल, पोह्यांच्या बशीबद्दल, बसमधल्या रिकाम्या जागेबद्दल.

“म्हणजे तो निषेध नव्हता?” दुआर्तेंनी काहीशा निराशेने विचारले.

“नव्हता. मी वाट बघत होतो.”

मग चर्चेला खरा रंग चढला. तीनदा विचारले तर आमच्याकडची माणसे घर बदलतील, असे नर्सबाईंचे म्हणणे पडले. दुआर्तेंच्या मते तीनदा म्हणजे फारच कमी. शेवटी सर्वसंमतीने कलम बदलले: नकार आला तरी काही दिवसांनी पुन्हा विचारावे, आणि त्यानंतरही एकदा, मात्र दारात पाय अडकवू नये. युरोपच्या धोरणापर्यंत साताऱ्याचा आग्रह जाऊन पोचला, आणि रुचिरने गार भात फार चवीने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये गर्दी होती, म्हणून धवल त्याच्या शेजारी बसला.

“शनिवारी घरी ये ना. वल्लरी मिसळ करतेय.”

“नको रे, उगाच त्रास,” जीभ सवयीने बोलून गेली.

“ओके,” म्हणून धवलने खिशातून इअरफोन काढले आणि कानात घातले.

ब्रसेल्सचे कलम या बसला लागू नव्हते. मग रुचिरने धवलच्या खांद्यावर हलकेच बोट टेकवले.

“धवल, अजून दोनदा विचार ना.”

धवलने एक इअरफोन काढला. “काय?”

“मला यायचंय. पण तू अजून दोनदा विचारायला हवंस.”

धवल पुरता त्याच्याकडे वळला. “गेल्या वर्षीपण यायचं होतं तुला? अरे, वल्लरीला वाटतंय तुला आम्ही आवडत नाही.” त्याने दुसराही इअरफोन काढून खिशात ठेवला. “बरं. येतोस का?”

“नको.”

“येतोस का रे बाबा?”

“बरं, अगदी थोडा वेळ.”

“थोडा वेळ वगैरे नाही हं. जेवायचं, दुपारी आडवं व्हायचं, चहा घेऊन मग जायचं.”

रुचिरने ‘नको’ म्हणायला तोंड उघडले, आणि मिटले.