सेवा सुरू होऊ शकली नाही

माईंचा भरतकामाचा पहिलाच ऑनलाइन वर्ग चार वाजता होता, आणि दुपारची जेवणं उरकल्याबरोबर अण्णांनी "जरा तपासून ठेवतो" म्हणत संगणक सुरू केला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण पाणीपुरवठा खात्यात पंप सांभाळण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला धड चाललेलं यंत्र बघवत नाही.

संगणक रात्रीच अपडेट झाला होता. पडद्याच्या मधोमध एक चौकोन उगवला : 'पार्श्वभूमीतील सेवा सुरू होऊ शकली नाही.' खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'.

"ठीक कसं असेल?" अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. "अगं, याची कसलीशी सेवा बंद पडलीय. पार्श्वभूमीतली."

"ती बंद पडली की सगळ्यांनाच कळतं हो," माई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "मी चार दिवस माहेरी जाऊन दाखवू का?"

"चेष्टा नको. तुझ्याच वर्गासाठी चाललंय."

"माझ्याच वर्गासाठी हात लावू नका म्हणतेय मी!"

तोवर हात लागला होता. इकडेतिकडे शोधत अण्णा सेवांच्या एका लांबलचक यादीपाशी पोचले. बंद पडलेली सेवा सापडली. त्यांनी ती सुरू करायला घेतली, तर उत्तर आलं की ही दुसऱ्या एका सेवेवर अवलंबून आहे. दुसरीला हात घातला, तर ती तिसरीच्या तोंडाकडे बघत होती. आत्या रुसली म्हणून काका जेवेनात आणि काका जेवेनात म्हणून मामा पानावर बसेनात, तसला प्रकार.

अण्णांनी मग खात्यातला जुना मार्ग धरला. गळती सापडत नसेल, तर एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं. थेंब थांबला की दोषी तोच. त्यांनी एक सेवा बंद केली, आवाज गेला. दुसरी बंद केली, इंटरनेट गेलं. आता यातल्या मुळात चालू कुठल्या होत्या नि बंद कुठल्या, हे त्यांना आठवेना. म्हणून त्यांनी संगणकच बंद करून पुन्हा लावला. पंखा घरघरला आणि पडदा काळा तो काळाच राहिला.

माई रिंग आणि रेशमाच्या लड्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अहो, मी महिनाभर तयारी केलीय," एवढंच त्या बोलल्या.

आता जावयाला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जावई संगणकातलाच इंजिनियर, पण सासरे-जावयाचं बोलणं लग्नापासून "प्रवास ठीक झाला ना?" यापुढे कधी सरकलंच नव्हतं. त्यात आपण होऊन केलेला हा घोळ त्याला सांगायचा म्हणजे नाक कापून हातात देणं. तरी अण्णांनी फोन लावला.

"जावईबापू, कामात नाही ना? संगणकाला जरा... जरा काही झालंय."

"बाबा, पडद्यावर काय दिसतंय?"

"काळं."

"त्या काळ्यावर काही दिसतंय का?"

"माझं तोंड."

पलीकडे जावयानं हसू गिळलं असावं. "काही हरकत नाही. अपडेट झाल्यावर संगणक स्वतःच सगळं कसं होतं याची एक खूण ठेवून देतो. तिथवर मागे जाऊ. आता मी सांगतो तेवढंच दाबायचं. म्हणजे... दाबाल का, प्लीज?"

"दाबतो. तुम्ही म्हणाल तेवढंच."

आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी सांगितलं तेवढंच केलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला आणि माई त्या गोलाकडे डोळे लावून बसल्या. चार वाजायला आले, तेव्हा कुठे पडदा उजळला. इंटरनेट आलं, आवाज आला. आणि मधोमध तोच चौकोन!

"आला! जावईबापू, परत आला मेला!"

"येऊ दे. 'ठीक आहे' दाबा."

अण्णांनी दाबलं. चौकोन गेला. माईंनी त्यांना खुर्चीवरून उठवलं आणि पुढच्या मिनिटाला त्या अनोळखी बायकांना साखळी टाका समजावू लागल्या.

अण्णा फोन घेऊन बाहेर आले. "पण ती सेवा म्हणजे असते तरी कसली?"

"खरं सांगू, बाबा?" जावयाचा आवाज खाली आला. "मला माहीत नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यांकडे येतो तो चौकोन. सगळे 'ठीक आहे' दाबतात."

अण्णा थबकले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि तेही दबक्या आवाजात म्हणाले, "आमच्या पंपघरात एक लाल चाक होतं. कशाचं, ते माझ्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. नवा माणूस आला की मी डोळे वटारून सांगायचो, याला हात लावायचा नाही!"

"आणि लावला असता तर?"

"कुणास ठाऊक! मी निवृत्त होऊन निघालो तेव्हाही ते तसंच होतं."

जावई खो खो हसत सुटला. अण्णाही असे हसले, की दार किलकिलं करून माईंनी डोकं बाहेर काढलं. "अहो, हळू! आत बायका टाके मोजतायत."

अण्णांनी मान डोलावली, जिन्याच्या पायरीवर बैठक मारली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हं, तर जावईबापू," ते म्हणाले, "एक हिरवंही होतं."