झाडे काकाजींचं पहिलं उड्डाण

गुणवंतराव झाडे यांना तुम्ही चहा दिलात, तर ते आधी कपाचा कान हलवून बघतात. कान पक्का आहे असं दिसलं की बशी उलटी करून तिचं बूड बघतात, मग टेबलाचा पाय. तोवर चहा पार निवतो. निवलेल्या चहाचा घोट घेऊन ते म्हणतात, "चहा बरा आहे सर, पण गरम पाह्यजे होता." आमच्या घरी हे अकरा वर्षं चाललं आहे आणि माझी बायको अजून त्यांना कानाचाच कप देते.

वर्ध्यात आमची घरं समोरासमोर आहेत. मी शाळेत मराठी शिकवतो. काकाजी बस डेपोत हेड मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. सकाळी गाडी रस्त्यावर निघण्याआधी तिच्या कागदावर त्यांची सही लागायची. "माही सही झाल्याबिगर चाक हालत नाई," हे वाक्य ते आजही अशा थाटात म्हणतात, की पृथ्वीच्या कागदावरही त्यांचीच सही असावी. ड्रायव्हर घड्याळ बघतो आहे, प्रवासी खिडकीतून डोकं काढून बोलतायत, आणि काकाजी टायरवर हातोडी मारून कान देऊन ऐकतायत, असा तो रोजचा देखावा होता. कोणी घाई केलीच तर उत्तर ठरलेलं, "माहं समाधान नाई झालं." या चार शब्दांपुढे साहेब लोकही हात टेकायचे.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट तर आमच्या गल्लीत नव्या भाडेकरूलाही सांगितली जाते. लग्न लागलं, जेवणं झाली, मुलगी रडून बसमध्ये बसली. वरात तळेगावला जायची होती. ड्रायव्हरने गाडी चालू केली आणि काकाजी डोक्यावरच्या फेट्यासकट गाडीखाली शिरले. मागचं डावं टायर त्यांना पटत नव्हतं. सव्वा तास ते गाडीखालून बाहेर आले नाहीत. मुलाकडची माणसं आधी हसली, मग चिडली, मग पुन्हा जेवायला बसली. शेवटी काकूंनी खाली वाकून, "आता निघा बाहेर, पोरीले जाऊ द्या," म्हटलं तेव्हा ते निघाले. फेट्याला ग्रीस लागलं होतं. आम्ही त्या फेट्यावर पुढची दोन वर्षं विनोद केले.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. तेरवीला मांडव भरून माणसं होती. दुसऱ्या दिवशी मी सहज डोकावलो, तर काकाजी एकटेच मांडवाच्या दोऱ्या सोडत होते. म्हणाले, "कार्यक्रम झाला का मानूस येत नाई, सर. निवृत्तीलेई असंच झालतं. हार घातले, शाल देल्ली, दुसऱ्या दिवसापासून कोनी नाई." मी म्हटलं, लोकांना कामं असतात. मलाही होती. मी घरी आलो.

त्यानंतर वर्षभराने त्यांनी विमान करायला घेतलं. रिमोटवर उडणारं, पंख पसरले तर दाराच्या चौकटीतून आडवं करून काढावं लागेल एवढं. थर्माकोलच्या पाट्या, बांबूच्या कामट्या, सायकलच्या तारा. मोटर, बॅटरी आणि रिमोट नागपूरहून मागवले. पुढच्या खोलीत इतका थर्माकोलचा भुसा पडायचा, की काकाजी बाहेर आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. गल्लीने नाव ठेवलं 'पायलट'. ते नाव मीच ठेवलं होतं, हे सांगून टाकतो.

पहिल्या उड्डाणाचा मुहूर्त गेल्या अक्षय्य तृतीयेचा निघाला. पवनारच्या अलीकडे, धाम नदीच्या बाजूला एक मोठं पडीक आहे, तिथे जायचं. काकाजींनी चार माणसांची समिती नेमली. एक ते स्वतः. दुसरा मी, कारण माझा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो आणि तपासणीची यादी मोठ्याने वाचायला आवाज लागतो. तिसरे देवतळे, निवृत्त तलाठी, ज्यांना विमानाशी काही देणंघेणं नव्हतं पण काकाजी डबा भरून तर्री-पोहे आणणार हे कळलं होतं. चौथा प्रमोद, कापडाच्या दुकानाचा मालक, मोबाइलवर व्हिडिओ काढायला. शिवाय एक नारळ. विमान उडून सुखरूप उतरलं की मगच फोडायचा, असा काकाजींचा नियम.

यादी म्हणजे एक लांबट रजिस्टर. रकाने तीन: बाब, स्थिती, शेरा. खाली सहीची जागा, आणि ती जागा फक्त काकाजींची. देवतळ्यांनी एकदा सवयीने पेन उघडून तिथे सही करायला हात नेला, तर काकाजींनी रजिस्टर असं ओढलं की देवतळ्यांच्या बोटाला कागद कापला.

मुहूर्त यादी वाचण्यातच टळला आणि पुढे दर रविवार ठरला. मी वाचायचो, "शेपटीची झडप." काकाजी रिमोटची काडी ओढायचे, झडप वर जायची. "वर," ते म्हणायचे. "उजवा पंख." "वर." "डावा पंख." "खाली." मग तोल. विमान दोन बोटांवर उचलायचं. नाक खाली गेलं तर शेपटीत वजन, शेपटी खाली गेली तर नाकात. वजन म्हणून काकाजी सरकी वापरायचे, कारण ती एकेका दाण्याने वाढवता येते. नाकात एक पुरचुंडी, शेपटीत एक पुरचुंडी. एक अख्खा रविवार तीन दाणे इकडचे तिकडे करण्यात गेला. चौथा दाणा देवतळ्यांनी चावून टाकला, त्यावरून दोघांत आठवडाभर अबोला होता.

पहिल्या रविवारी पंख्याचा आवाज पटला नाही. दुसऱ्या रविवारी बॅटरी "मनापासून चार्ज" झालेली नव्हती. उन्हाळ्यात वारा आडवा होता. वारा बघायला काकाजी खिशातून कापसाचा बोटभर पुंजका काढून हवेत सोडतात आणि तो जमिनीला टेकेपर्यंत कोणी बोलायचं नाही. पावसाळ्यात आम्ही छत्र्या घेऊन चिखलात उभे राहिलो, यादी पूर्ण वाचली, आणि शेवटी काकाजी म्हणाले, "पावसात कुठं विमान उडवतेत का, सर?"

पोळ्याला तर कहर झाला. आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या शिंगांना चकचकीत बेगड लावतात. काकाजींकडे बैल नाही, म्हणून त्यांनी विमानाला लावली. कुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. पुढच्या रविवारी मैदानावर जाहीर केलं, की रिमोटचं बोलणं विमानापर्यंत पोचत नाही. "बेगडानं सिग्नल अडते," ते म्हणाले. बेगड नेमकी एरियलवर चिकटली होती. ती काढायला एक रविवार. बेगडीबरोबर रंग निघाला, तो लावायला दुसरा. रंगाने वजन वाढलं, म्हणून पुन्हा सरकी. चाळीस वर्षं ज्या माणसाने इंजिनं उघडली, त्याला एवढं आधी कळू नये, याचं मला तेव्हा फार हसू आलं होतं.

दर वेळी शेवट एकच. काकाजी रजिस्टर मिटायचे, "माहं समाधान नाई झालं" म्हणायचे आणि डबा उघडायचे. पोहे मात्र ते तपासायचे नाहीत, हे खाताना कळायचं. तर्री अशी तिखट की देवतळ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग काकाजी तासभर गप्पा मारायचे. कोणती गाडी कोणत्या घाटात कशी बंद पडली, कोणत्या ड्रायव्हरने त्यांच्या पाया पडून सही मागितली. आम्ही जांभया देत ऐकायचो. नारळ पिशवीत परत जायचा. दिवाळीपर्यंत तो आतून पार सुकला होता आणि हलवला की खुळखुळायचा.

गेल्या महिन्यात आमचा संयम संपला. प्रमोद म्हणाला, "काकाजी, येत्या रविवारी उडालं तर उडालं. मी आता दुकान उघडीन रविवारचं." देवतळे म्हणाले, "मले डॉक्टरनं तर्री बंद केली." मी सगळ्यांत शहाणा, म्हणून मी सगळ्यांत वाईट बोललो. म्हटलं, "काकाजी, खरं सांगा, तुम्हाला भीती वाटते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या अडवल्या, आता स्वतःचीच सोडवत नाही. पुढच्या रविवारी नाही उडालं तर मी काही येणार नाही."

ते फडक्याने पंखावरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "हाव, बराबर आहे. तुमालेई कामं असतेत."

त्याच आठवड्यात, गुरुवारी, मला पवनारला एका विद्यार्थ्याच्या घरी जायचं होतं. सकाळचे साडेसहा झाले असतील. पडिकाजवळ आलो तर गाडीच्या आवाजापलीकडे दुसरा एक बारीक घुंघुं आवाज यायला लागला. मी गाडी बंद केली.

विमान वर होतं. आमचंच, कुंकवाचा डाग अजून नाकावर असलेलं. ते नदीच्या बाजूने वळून आलं, एका पंखावर कललं, सरळ झालं, मैदानावरून सावकाश खाली आलं आणि गवताला चाक टेकताना उडीसुद्धा न मारता थांबलं. मधोमध काकाजी उभे होते, कानटोपी घालून, गळ्यात रिमोट. ना रजिस्टर, ना सरकी, ना कापूस. त्यांनी विमान वळवलं आणि पुन्हा वर सोडलं.

रस्त्याच्या कडेला सुमनबाई बकऱ्या घेऊन उभी होती. रविवारी आम्हाला ती नेहमी दिसायची. मी तिला विचारलं, "हे आजच उडालं का?"

"आज काऊन?" ती म्हणाली. "पोळ्याच्या पहिलेपासून उडते. दर गुरुवारी येते तो. कधी मंगळवारीबी." मग तिने मला नीट निरखलं. "तुमीच ते सर नाई का? तुमचं नाव घेत राह्यते ना उडवताना. पाहा सर, पाहा देवतळे, परमोद, आता वळवतो पाहा. मले पहिले वाटलं कोनी सोबत आहे. कोनी नाई राह्यत." तिने एका बकरीला हाकललं. "मंग रविवारी तुमी सारे येता तवा काऊन नाई उडवत?"

मला उत्तर माहीत होतं. मांडवाच्या दोऱ्या सोडताना त्यांनी ते मला सांगितलं होतं आणि मी, लोकांना कामं असतात, म्हणून घरी आलो होतो. उड्डाण झालं की कार्यक्रम झाला. कार्यक्रम झाला की माणूस येत नाही. मला त्या बसचं मागचं डावं टायर आठवलं. त्या टायरला काहीही झालं नव्हतं. सव्वा तास मुलगी आणखी दारात होती, एवढंच. मी भाषा शिकवतो, आणि समोरच्या घरातल्या माणसाचं 'माहं समाधान नाई झालं' हे एक वाक्य मला अकरा वर्षांत समजलं नव्हतं. मला लाज वाटली. मी गाडी ढकलत पुढे नेली आणि वळणापलीकडे जाऊन चालू केली.

रविवारी समिती हजर होती. प्रमोदने येतानाच सांगितलं, दहाला दुकान उघडायचं आहे. मी यादी वाचायला लागलो. काकाजी भराभर उत्तरं देत होते. "ठीक. ठीक. पुढं." दोन बोटांवर विमान उचललं, बघितलं न बघितलं, ठेवलं. कापूस सोडला आणि तो पडायच्या आत म्हणाले, "वारा ठीक." आठ महिन्यांत जी यादी कधी तासाच्या आत संपली नव्हती ती दहा मिनिटांत संपली.

मग त्यांनी नारळ पिशवीतून काढून एका दगडाजवळ ठेवला. पेनाचं टोपण काढलं. "आज उडवतो," ते म्हणाले. "सही करतो अन् उडवतो. तुमी लोकं लय थांबले माह्यासाठी." आवाज अगदी साधा होता. प्रमोदने मोबाइल वर धरला. देवतळेही उठून उभे राहिले. काकाजींनी सहीच्या जागेवर पेन टेकवलं.

"काकाजी, थांबा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"माहं समाधान नाई झालं."

हे त्यांच्या बोलीत माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. प्रमोदने मोबाइल खाली घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याचं गिऱ्हाईक असतो तर त्याने मला दुकानाबाहेर काढलं असतं. "आता तुमाले काय झालं, सर?"

मला विमानातलं ओ का ठो कळत नाही. जे समोर दिसलं त्याकडे बोट दाखवलं. "डावं चाक. ढिलं वाटतं."

काकाजी गुडघ्यावर बसले. चाक हलवून बघितलं. ते पक्कं होतं, मलाही दिसत होतं. त्यांनी खिशातून पाना काढला, नट उगाच अर्धा वेढा सोडला, पुन्हा आवळला. मग मान वर न करताच विचारलं,

"गुरुवारी पवनारच्या रस्त्यानं गेलते का, सर?"

"गेलतो."

"बरं."

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि समितीला म्हणाले, "सर म्हनतेत ते बराबर आहे. चाकात बारीक खेळ आहे. असं नाई उडवता येत."

देवतळे मटकन खाली बसले. प्रमोद स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, ते छापण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी पोहे माझ्याकडून. देवतळे, तुमचे बिनतर्रीचे. आणि प्रमोद, दुकान अकराला उघडलंस तर कोणी उघडं राहणार नाही." प्रमोद हसू दाबत म्हणाला, "पाहतो." तो येणार हे मला कळलं.

काकाजींनी नारळ कानाशी नेऊन एकदा खुळखुळवला आणि पिशवीत ठेवला. मग रजिस्टर माझ्यापुढे धरलं, वर पेन.

"शेरा तुमी लिवा," ते म्हणाले. "सहीबी तुमीच करा."

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'डावं चाक. समाधान नाही.' खाली, त्यांच्या जागेवर, माझी सही केली. त्यांनी ती दोनदा वाचली, रजिस्टर मिटलं आणि पोह्यांचा डबा उघडला.