मंदाताई आणि दाद न देणारे जंतू

मंदाताई कोळी कुणाच्याही घरी गेल्या की आधी औषधांचा डबा मागतात. चहापाणी नंतर. डब्यात अँटिबायोटिकची अर्धी पट्टी सापडली, की ती घरमालकासमोर धरून विचारतात, "या उरलेल्या कुणासाठी ठेवल्या? जंतूंसाठी?" मग पट्टी जप्त होते. आक्षेप घेतला तर आवाज चढतो.

खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत शेजाऱ्याकडून साखर आणावी तशी घशाची गोळी आणतात. तुला लागू पडली ना, मग दोन दे. मंदाताई म्हणतात, "त्यापेक्षा चपला द्या एकमेकांना. माप चुकलं तर निदान लगेच कळतं."

एका सत्यनारायणाला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सहज बोलून गेल्या, "दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून गोळ्या बंद केल्या." मंदाताईंनी प्रसाद खाली ठेवला. "तुमाला बरं वाटलं. जे जंतू उरले, त्यांनापण बरंच वाटलं असंल." पुढच्या वर्षी यजमानांनी त्यांना बोलावलं नाही. त्या तरीही गेल्या.

मंदाताई उरणच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. वय पन्नाशीपुढे. आमच्याच इमारतीत एकट्या राहतात. पनवेलच्या एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या काम करतात. रुग्णाच्या रक्तात सापडलेल्या जंतूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकं, यंत्रावर वाचायचा आणि तो कोणत्या औषधाला दाद देणार नाही, हे आधीच सांगायचं, हे त्यांचं काम. जुनी पद्धत वेगळी. जंतू प्लेटवर वाढवायचे, त्यावर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि कोणत्या चकतीभोवती ते वाढत नाहीत ते पाहायचं. त्याला जास्त दिवस लागतात. पण रुग्णालयाचा विश्वास प्लेटवर. मंदाताईंच्या अहवालाखाली छापलेलं असतं, 'केवळ संशोधनासाठी'. या दोन शब्दांवर त्यांच्याशी बोलू नये.

गेल्या वर्षी मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या थोरल्या भावाच्या रक्तात संसर्ग पसरला. रुग्णालय तेच. औषध चालू होतं, ताप हटत नव्हता, रक्तदाब उतरत होता. मी आयसीयूबाहेर उभा असताना मंदाताई अॅप्रनवरच आल्या आणि डॉक्टरांना दारातच अडवलं.

"तुमी देताय ते औषध बंद करा. ते फोडायचं हत्यार हाय या जंतूकडे. मी वाचलंय."

"मॅडम, प्लेट परवा येईल."

"प्लेट येईल. पेशंट असंल का?"

"कॉम्प्युटरच्या अंदाजावर औषध कसं बदलू?"

"आता देताय ते तरी काय हाय? अंदाजच. तुमचा हाय म्हणून त्याला अनुभव म्हणायचं." त्यांनी कागदावरच्या दुसऱ्या औषधाच्या नावावर बोट ठेवलं. "हे द्या. याच्यापुढं त्याचं काय चालणार नाय."

"आणि चुकलं तर?"

"माझं नाव घाला. म्हणा, मंदा कोळीनं दादागिरी केली."

डॉक्टरांनी आत मॉनिटरकडे पाहिलं, वरिष्ठांना फोन केला आणि औषध बदललं. प्लेट आली तेव्हा तिच्यावर मंदाताईंचंच उत्तर होतं. भाऊ तोवर उठून बसला होता आणि रुग्णालयाच्या खिचडीला नावं ठेवत होता.

त्यानंतर व्यवस्थापनानं मंदाताईंकडे खुलासा मागितला. वॉर्डात विनापरवानगी प्रवेश, डॉक्टरांशी उद्धट वर्तन. रुग्ण वाचला, याबद्दल त्यात काही नव्हतं.

आभार मानायला मी प्रयोगशाळेत गेलो. त्या पडद्यासमोर बसल्या होत्या. यंत्राचा प्रोग्रॅम बदलला होता. तो नवा आला, की ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा जुन्या जंतूवर तपासून घ्यावा लागतो. असे जंतू तिथं खोल थंडीत जपून ठेवतात. त्यातला एक वाढवून त्यांनी सकाळीच यंत्रात घातला होता.

"कुणाचा?" मी विचारलं.

"आमच्या बाबांचा."

जाळं साफ करताना वडिलांच्या पायात माशाचा काटा घुसला होता. जखम चिघळली, विष रक्तात गेलं, त्यांना पनवेलला याच रुग्णालयात आणलं. तेव्हा इथं हे यंत्र नव्हतं. प्लेटची वाट पाहिली.

"प्लेट आली तेव्हा आमी स्मशानातून परतलो होतो," मंदाताई म्हणाल्या. "एका चकतीभोवती सगळं स्वच्छ. ते औषध खालच्या मेडिकलमध्ये होतं."

नवा प्रोग्रॅम आला की त्या सुरुवात याच जंतूनं करतात. फ्रीजरमध्ये बाकीचे पुष्कळ आहेत.

"पण उत्तर तर माहीतच आहे," मी म्हटलं.

"उत्तर माहीत हाय. ते कधी येतं, ते बघते."

पडद्यावर औषधाचं नाव उमटलं. मंदाताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाहेर कर्मचारी डबे घेऊन जेवायला निघाले होते.

"बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुपारचा डोस मिळाला असता त्यांना."