जुन्या कॉम्प्युटरची समजूत

दातांच्या दवाखान्यासाठी सुनेने अपॉइंटमेंटचं पान तयार केलं. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम, आणि तेही सासूबाईंच्या शब्दाखातर मिळालेलं. त्या तिथे स्वागतकक्षात बसत. पान सगळ्यांच्या फोनवर छान उघडलं. सासूबाईंच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मात्र पांढरंफटक.

डॉक्टरांनी चष्मा पुसून पाहिलं, तरी पांढरंच. संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ, असं शांतपणे सांगून ते आत गेले.

कारण लगेच सापडलं. फोन नंबरच्या चौकटीत कुणी भलतंसलतं लिहू नये म्हणून सुनेने जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत आकडे तपासणारा एक नमुना लिहिला होता. त्यात 'या आकड्याच्या मागे काय आहे ते बघ' असं सांगणारी नव्या धाटणीची एक खूण होती. जुन्या ब्राउझरला मान वळवणं ठाऊक नव्हतं, आणि एक खूण कळली नाही म्हणून त्याने रुसून सगळंच वाचायचं सोडलं होतं.

"मग कॉम्प्युटरच जुना झालाय, असं सांग की डॉक्टरांना," सासूबाई हळूच म्हणाल्या.

सुनेला भरून आलं. किती सांभाळून घेतात! "नको आई. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतील."

"अगं, पण अंगण खरंच वाकडं आहे."

नव्याचं जुनं करून देणारं एक साधन होतं. त्याने बाकीच्या खुणा बदलल्या, या एकीपुढे हात टेकले. मग सुनेने ती हाताने सोडवायला घेतली: मागचं अक्षरही सोबत उचलायचं, तपासायचं, मग टाकून द्यायचं. बोटभर नमुना हातभर झाला. 'दमलीस, राहू दे आता,' असं सासूबाईंनी दोनदा सांगून पाहिलं. सुनेने डबाही उघडला नाही.

दवाखाना बंद व्हायच्या सुमारास पान उघडलं. डॉक्टरांनी स्वतःचा नंबर घातला, चालला. एक आकडा जास्त घातला, अडला. खूश होऊन त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. "दुपारी नव्या कॉम्प्युटरचं विचारलं होतं ना, ते राहू द्या. आमचा ठणठणीत आहे. अजून पाच-सात वर्षं सहज काढेल."

सासूबाई मुकाट्याने तो ठणठणीत कॉम्प्युटर बंद करत होत्या. बंद व्हायलाही तो वेळ घेई.

घरची अर्धी वाट चालून झाल्यावर त्या बोलल्या, "सकाळी पांढरं पान दिसलं, तेव्हा मी देवाचे आभार मानले होते गं."

सुनेने न उघडलेला डबा या हातातून त्या हातात घेतला.

"ती मागे बघणारी खूण टाकून दिलीस?"

"ठेवलीय, आई," सून म्हणाली. "पुढच्या महिन्यात जन्मतारखेची चौकट वाढवायचीय, तिथे वापरीन."