नानांच्या घरचा फौजी चहा

आमच्या शेजारच्या नानांकडे चहाला गेलात, तर साखर किती हे ते विचारत नाहीत. कप पुढे करायच्या आधी विचारतात, "आर्मी, नेव्ही का एअरफोर्स?"

आर्मी म्हणालात तर उभ्यानं, एका दमात संपवायचा. जीभ पोळली तरी तक्रार नाही. नेव्ही म्हणालात तर पाय फाकवून, डुलत प्यायचा, आणि थेंब सांडायचा नाही. एअरफोर्सला खुर्ची मिळते, पण पाठ ताठ आणि बशीचा आवाज बंद. मी आपला कायम एअरफोर्सवाला. गुडघे दुखतात हो!

नाना स्वतः कधी फौजेत नव्हते. अमळनेरच्या पोस्टात जन्मभर शिक्के मारले. पण थोरला मुलगा आर्मीत, मधला एअरफोर्समध्ये, आणि दोघांच्या ट्रेनिंगची तुलना हा नानांचा रिकामपणचा धंदा. "आर्मी आधी पाय तोडस, मंग मानूस घडावस. एअरफोर्स आधी डोकं पिकाडस!" चादरीची घडी, बुटांचं पॉलिश, केस किती मिनिटांत कापतात, सगळं तोंडपाठ. त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, आतून ओरडायच्या, "सोतानी बनियन सापडत नही, अन् परेड घेवाले चालनात!"

शेंडेफळ मनीषाला मात्र नानांनी नेव्हीतच घातलं. मी म्हटलं, "नाना, अहो पोहणं? आपल्या बोरी नदीत घोटाभर पाणी नसतं!"

नाना हळूच म्हणाले, "दोन्ही पोरं ट्रेनिंगमा व्हतात, तव्हय आखाजीले घर सुनं व्हतं. नेव्हीनं ट्रेनिंग आखाजीना आधी सरी जास. मी बठ्ठं इचारी ठेयेल शे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात. पण तेवढ्यासाठी पोरीचं सैन्यदल ठरवणारा बाप मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि नेमकं मनीषाच्या बॅचचं ट्रेनिंग लांबलं. आखाजी उजाडली, पोरगी ओडिशातच. नाना सकाळपासून गुरकावत होते, "फौजी मानूसले झोका कसाले?" दोरखंड माळ्यावरून काढू देईनात.

दुपारी मी त्यांच्याकडेच असताना तिचा फोन आला, स्पीकरवर. आठवड्यातून मिळतात पाच मिनिटं. नानांनी त्यातली चार दौड किती, पोहायला जमतं का, बूट चावतात का, यात घालवली. मग तिचाच आवाज बारीक झाला.

"नाना, झोका बांधला ना?"

"बांधी ठेयेल शे, माय. सकायपासून."

धडधडीत खोटं! फोन बंद झाला आणि म्हातारा शिडीकडे धावला. दोरखंड काढून शिडी निंबाला लावली, ती मी धरली. पण गाठ काही त्यांना जमेना, तेव्हा त्यांना खाली उतरवून शेवटी ती मीच मारली.

नाना झोक्याच्या फळीच्या एका कडेला टेकले. अक्कांनी चहा आणून दिला. आज आर्मी-नेव्ही कोणी विचारलं नाही. गुडघ्यांनी आठवण करून दिली, म्हणून मी फळीच्या दुसऱ्या कडेला बसायला गेलो.

"तठे नको, भो," नाना म्हणाले. "ती जागा नेव्हीनी शे."

मी बाजूला झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा उभ्यानं, आर्मीचा चहा प्यायलो. एका दमात मात्र काही संपला नाही.