बिराजदार अप्पांचा बंदोबस्त

"गेटातूनच सांगा, बातमी चांगली हाय का वाईट?"

आमचे शेजारी बिराजदार अप्पा आल्यागेल्याला 'या, बसा' म्हणायच्या आधी हे विचारतात. लेक पल्लवी पहिल्या बाळंतपणाला लातूरहून नांदेडला माहेरी आली, तेव्हापासूनचा हा बंदोबस्त. पेपरातले खून-अपघात ते आधी कात्रीनं कापतात आणि उरलेली जाळी पल्लवीला वाचायला देतात.

परवा उदगीरचे पाहुणे कुण्या आत्याबाई वारल्याचं सांगायला आले. अप्पांनी त्यांना थेट माझ्या घरात आणून बसवलं. "हितं सांगा, हितंच रडा." घ्या! ज्या बाईचं मी तोंडही पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी डोळ्याला पदर लावला. वर चहाही माझाच!

अप्पांनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. "मीनाताई, शास्त्र हाय हे. जनुकं तीच राहतात, पण दुःखानं त्यांची बटनं चालू-बंद होतात. आईनं सोसलेलं पोटातल्या लेकरावर खुणा करून जातंय. म्हणून जपून राहिलो."

काल दुपारी मी पल्लवीला वरणफळं घेऊन गेले. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली. सकाळचं ताट तसंच. मी हाक मारली, ओ नाही.

बाहेर येऊन अप्पांना विचारलं, "कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले."

"आणि तुम्ही पेपर कापत बसलात? डॉक्टरकडं न्या की तिला!"

अप्पा ओट्यावर बसले. "ही पोटात होती तवा मीच असा पडून होतो, ताई. वर्षभर. माझ्या काळजीनं हिची आई झुरली. ते सगळं हिच्यावर उतरलं. मीच केलं हे."

"मग तुम्ही उठलात कसे?"

"डॉक्टर. गोळ्या. शक्तीच्या हायत म्हणून सांगायचो सगळ्यांना."

मला रागही आला आणि भरूनही आलं. "अप्पा, त्या खुणा बदलत नाहीत का?"

"उपचारानं काही बदलतात म्हणे. शोधून राहिलेत लोक."

"मग पोरीला सांगा ना हे!"

अप्पा आत गेले, खाटेच्या कडेला बसले. "पल्लू, मला बी असंच झालं होतं बाळा. गोळ्या घेतल्या, बरा झालो. उद्या आपण दोघं जाऊ डॉक्टरकडं. मी बसतो तुझ्याजवळ."

पल्लवीनं कूस बदलली. "अप्पा, आधी का नाही सांगितलं? मला वाटलं, आपल्या घरात मीच एकटी अशी हाय."