जांभूळझऱ्याची कळशी

जांभूळझऱ्याला जायचं तर काय काय सांभाळायचं, हे प्रियंकाला दोघांनी सांगितलं होतं. मोबाइलनं आणि सासूनं. मोबाइलचं म्हणणं, सकाळी लवकर निघा, शेवाळावर घसरणार नाही अशी चप्पल घाला, माकडांपासून पिशवी जपा, तिथं रेंज नसते. केराबाईंचं म्हणणं एकच होतं.

"कळशी भरून आन. देव्हाऱ्यातल्या बिरुदेवाच्या चांदीच्या टाकाला त्याच पान्यानं आंगूळ. जिनं भरली तिनंच घालायची. आन् घरी येस्तवर जिमिनीला टेकवायची न्हाय. ह्या हातातनं त्या हातात दिली तर चालंल."

"झाडाला अडकवली तर, आत्या?"

"झाड कुटनं उगवतं?"

 वळसंगच्या माहेरी प्रियंकानं पाणी वर ओढायचं असतं एवढंच पाहिलं होतं. आपण होऊन खाली येणारं पाणी मोबाइलात. लग्नानंतर मल्हारकडं तिनं मागितलं ते एवढंच, एकदा त्या धारेखाली उभं राहायचं.

वैरागहून राजेसाबच्या वडाप जीपनं दोघं निघाली. जीप डोंगरावर थांबली. समोरच जांभळाच्या मुळांतून झरा पाझरत होता, आणि तेच पाणी पुढं कड्यावरून खाली उडी घेत होतं. प्रियंकानं पितळी कळशी भरली, तोंडाशी धरून दगडी पायऱ्या उतरली आणि धारेसमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात गुंतलेले.

"दे हिकडं," मल्हार म्हणाला. "जा तू. मी धरतो."

"टेकवायची न्हाय हां."

"अगं, आई माजी हाय. मला म्हाईत न्हाय व्हय?"

ती धारेखाली गेली. पाणी डोक्यावर पडलं, खांद्यावरून ओघळलं, आणि तिचे डोळे आपोआप मिटले. त्यामुळं पुढचं तिला दिसलं नाही.

मल्हारच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत चिवडा होता, आणि ते माकडाला वासावरून कळलं होतं. पिशवी गेली. तिच्यात फोन होता. मल्हार कळशीसकट पायऱ्या चढत मागं धावला. माकड हलकं होतं, कळशी जड. वर राजेसाब गाडीत बसलेला दिसला.

"भाई, जरा धरा. पन टेकवू नका, आईची आन हाय!"

"आरं, माझी शीटं भरलीत की!"

ऐकायला मल्हार होता कुठं? तो करवंदीत शिरला होता.

पिशवी मिळाली. चिवडा सोडून सगळं मिळालं. ओरखडलेले हात घेऊन तो परतला, तर जीप नव्हती. तिच्या जागी निथळत उभी असलेली प्रियंका होती.

"कळशी?"

मल्हारनं रस्त्याकडं बोट दाखवलं. फोन लावला. रेंज नव्हती.

परतीच्या गाडीत दोघं खालच्या आवाजात बोलत होती.

"फुटली म्हनू," मल्हार म्हणाला.

"पितळंची? कशी फुटती?"

"मग दुसरी घिऊ, नळावर भरू. पानी ते पानीच."

"देवाला फसवायचं?"

"देवाला न्हाय, आईला."

"ते तर त्याहून अवघड हाय."

मल्हारलाही ते पटलं. प्रियंकाचं लुगडं वाळत आलं होतं, पण अंगातला गारवा जात नव्हता. तो धारेचा की भीतीचा, तिला सांगता आलं नसतं. सासूनं पहिल्यांदा देवाचं काम हातात दिलेलं.

दिवस कलताना दोघं आपल्या वाडीवर पोचली. शेळ्या ओरडत होत्या. चूल थंड. आणि दारातून ओवी ऐकू येत होती:

*झऱ्याच्या पान्या माज्या, नको हातात हिंदळू,*
*घरी सून न्हाय आली, किती येळ तुला संभाळू*

उंबऱ्यात केराबाई उभ्या होत्या. कमरेवर कळशी. राजेसाब दुपारीच देऊन गेला होता. "मावशी, सांभाळा. मांडीमांडीवरनं आलीया," एवढं बोलून तो हॉर्न वाजवत निघून गेला होता. शेजारी सगळे रानात. हातात घ्यायला माणूस नाही, आणि आंघोळ घालायची ती भरणारीनं.

"दुपारधरनं उभी हाय मी," केराबाई म्हणाल्या. "भाकर न्हाय, धार काडली न्हाय. पाठीला खाज सुटली तर दाराला घासली."

"खुंटीला अडकवायची की, आई."

"खुंटी भितीत. भित कुटं उभी हाय?"

प्रियंकानं पुढं होऊन कळशी घेतली. टाकावर पाणी पडलं. कळशी एकदाची जमिनीला टेकली, आणि तिच्याशेजारी केराबाईही.

हात चोळत त्या सुनेकडं बघत राहिल्या. केसांत अजून ओल होती.

"गार लागती का गं धार?"

"लई. तुमी कदी उबं ऱ्हायला न्हाय?"

"दर श्रावनात जायाची की. पन हातात कळशी असायची." त्यांनी लेकाकडं मान वळवली. "कुनाकडं द्यायची? ह्याचा बा तर धारंपसवर यायचाच न्हाय."

प्रियंकानं मल्हारकडं पाहिलं. मल्हारनं ओरखडलेले हात मागं लपवले.

शेळ्या पुन्हा ओरडल्या. केराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दोन पावलं गेल्या आणि मागं न बघताच म्हणाल्या,

"चप्पल कसली घालायची म्हनत हुता गं, तुजा मोबाइल?"